आखूड तार, कार्बनचं अंग

गिटारच्या दुकानात गेलं की कंपनी, किंमत, लाकूड आणि पिकअप यांवर भरपूर बोलणं होतं. तारेच्या लांबीचा विषय मात्र सहसा निघत नाही. खरं तर वाद्य हाताला झेपेल की नाही, हे बरंचसं त्या लांबीवर ठरतं. कार्बन फायबरच्या छोट्या गिटारी आपल्याकडेही मिळू लागल्यापासून हा घोळ आणखी वाढला आहे, कारण त्यांत दोन वेगळ्या गोष्टी एकाच वस्तूत बांधून येतात: आखूड स्केल आणि कार्बनचं अंग. पहिली गोष्ट हातासाठी, दुसरी हवेसाठी. ज्याला यांतली एकच हवी आहे त्याने दुसरीचे पैसे का मोजावेत, आणि ज्याला दोन्ही हव्यात त्याने काय बघून घ्यावं, याचा हा आढावा.

आधी हाताचं पाहू. स्केल लेंथ म्हणजे मानेच्या टोकाच्या नटपासून ब्रिजवरच्या सॅडलपर्यंत मोकळ्या तारेची लांबी. मोठ्या ड्रेडनॉट गिटारींमध्ये ती साधारण २५.४ ते २५.५ इंच, म्हणजे ६४५ ते ६४८ मिलिमीटर असते. गिब्सनच्या बऱ्याच गिटारींची २४.७५ इंच सांगितली जाते. २४ इंचांपासून खाली आखूड स्केलचा प्रांत सुरू होतो. १९९६ साली आलेल्या बेबी टेलरची स्केल २२.७५ इंच आहे, २०१० सालच्या जीएस मिनीची २३.५, आणि एड शीरनमुळे जगभर ओळखीच्या झालेल्या लिटल मार्टिनची २३. यांतली एकही कार्बनची नाही. म्हणजे निव्वळ छोटी गिटार हवी असेल, तर ती कार्बनशिवायही मिळते आणि चांगली मिळते.

लांबी थोडी घटली तरी हाताला फरक मोठा जाणवतो. तार तीच आणि स्वर तोच ठेवला, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २५.५ इंचांवरून २२.७५ वर आलं की लांबी सुमारे ११ टक्क्यांनी कमी होते, ताण मात्र २० टक्क्यांनी उतरतो. १२-५३ जाडीच्या लाइट तारांचा सहाही मिळून ताण मोठ्या गिटारवर सत्तर किलोंच्या थोडा वर असतो. छोटीवर तो साठच्या खाली येतो. ज्यांच्या बोटांना एफचा बार कॉर्ड पहिल्या फ्रेटवर धरताना घाम फुटतो, त्यांना हा फरक पहिल्या मिनिटात कळतो.

दुसरा फरक अंतराचा. तर्जनी पहिल्या फ्रेटवर आणि करंगळी चौथ्या फ्रेटवर ठेवली, तर या दोन फ्रेटपट्ट्यांमधलं अंतर २५.५ इंची गिटारवर ९७ मिलिमीटर भरतं आणि २२.७५ इंचीवर ८७. एक सेंटिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण दहा-बारा वर्षांच्या मुलीला, सांधे धरलेल्या साठीच्या माणसाला किंवा मुळात लहान हाताच्या कुणालाही तोच एक सेंटिमीटर गाणं जमणं आणि सोडून देणं यांच्यामध्ये उभा असतो. गिटार सोडून दिलेल्यांपैकी पुष्कळांना कुणी कधी छोट्या स्केलची गिटार हातात दिलीच नाही, असं माझं ठाम मत आहे.

ही छोटी स्केल आपल्याला मानवेल का, हे विकत न घेता पाहता येतं, आणि ही युक्ती सगळ्यांना ठाऊक असायला हवी. कुठल्याही २५.५ इंची गिटारच्या सहाही तारा दोन फ्रेट, म्हणजे पूर्ण एक स्वर उतरवा आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा. आता कॅपोपासून सॅडलपर्यंत २२.७ इंच तार उरते. स्वर नेहमीचेच, फ्रेटमधली अंतरं २२.७५ इंची गिटारची, आणि ताणही जवळजवळ तिचाच. २४ इंचांचा अंदाज हवा असेल, तर तारा अर्धा स्वर उतरवा आणि कॅपो पहिल्या फ्रेटवर लावा. आठवडाभर असं वाजवून पाहिलं, की कोणती लांबी आपली, याचं उत्तर बोटंच देतात. आवाजाचं उत्तर यातून मिळत नाही. पेटी मोठीच असते. पण हाताचा प्रश्न फुकटात सुटतो.

आखूडपणाची किंमतही आहे. ताण कमी म्हणजे तार जास्त झुलते. जोरात स्ट्रम करणाऱ्याच्या हाताखाली ती फ्रेटवर खडखडते. ढिली तार जोरात दाबली की स्वर चढतो, त्यामुळे ज्यांचा डावा हात जड आहे त्यांची गिटार खुंट्या बरोबर असूनही बेसूर ऐकू येते. आणि खर्जाचं काय? सहाव्या मोकळ्या तारेचा मूळ स्वर ८२ हर्ट्झचा. मोठ्या ड्रेडनॉटच्या पेटीतली हवा शंभरेक हर्ट्झला घुमते, म्हणून खालच्या तारांना आधार मिळतो. पेटी लहान झाली की ते घुमणं वर सरकतं आणि खर्जाचा पाया पातळ होतो. कान वरच्या उपस्वरांवरून तो स्वर ओळखतो, पण छातीत जाणवणारा घुमार छोट्या पेटीत येत नाही. कार्बनने तो येतो असं कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नये.

मग कार्बन कशासाठी? त्याचं उत्तर या गिटारींच्या जन्मकथेतच आहे. लाकूड सोडून गिटार करण्याचा पहिला मोठा प्रयत्न चार्ल्स कामन या हेलिकॉप्टर बनवणाऱ्या अमेरिकन अभियंत्याचा. १९६० च्या दशकात त्याने ओव्हेशन गिटार काढली; पाठ काचतंतू आणि रेझिनची, गोलसर, वरचा तक्ता मात्र लाकडाचा. १९७० च्या दशकात त्याच कंपनीच्या अ‍ॅडमास मॉडेलमध्ये तक्त्यातही कार्बन आलं. पूर्ण कार्बनची गिटार बाजारात आणण्याचं श्रेय हवाई बेटांतल्या मावीवर राहणाऱ्या जॉन डेकर या भौतिकशास्त्रज्ञाकडे जातं. तिथल्या दमट हवेत, उन्हात आणि पावसाच्या सरींत लाकडी गिटारींचे हाल होत. त्यांना तोंड देईल असं वाद्य करायला तो १९८० च्या दशकात लागला आणि १९९० च्या दशकात रेनसाँग गिटारी विकायला आल्या. नावातच पाऊस आहे. पुढे लुइझियानात, रॉकेटच्या कामातून आलेल्या एलिस सील याने कॉम्पोझिट अकूस्टिक्स उभी केली, तिची २२.७५ इंची ‘कार्गो’ ही छोट्या कार्बन गिटारींमधली अनेकांची लाडकी. ती कंपनी २०१० मध्ये बंद पडली आणि पीव्ही या कंपनीने विकत घेतली. आयर्लंडमधल्या डोनेगल परगण्यात अ‍ॅलिस्टर हे यांची एमरल्ड गिटार्स १९९८ पासून काम करते आहे. हेलिकॉप्टर, रॉकेट, प्रयोगशाळा: वजन वाचवायचं आणि हवेला दाद द्यायची नाही, हे ज्यांचं रोजचं काम होतं, ती माणसं या वाद्याकडे वळली.

आपल्या हवेत हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. लाकडी गिटारसाठी ४५ ते ५५ टक्के आर्द्रता योग्य मानतात. मुंबई, रत्नागिरी, पणजीत जुलै-ऑगस्टमध्ये ती ८५ च्या वर जाते. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्याच्या दुपारी २० च्या आसपास किंवा त्याहूनही खाली येते. लाकूड ओल पितं, आडवं फुगतं, तक्ता फुगून ब्रिज वर उचलतो आणि तारा फ्रेटबोर्डपासून दूर जातात. जूनमध्ये मऊ वाजणारी गिटार गणपतीपर्यंत बोटांना कडक लागते, ती यामुळे. कोरड्या हवेत उलट होतं: तक्ता बसतो, तारा खडखडतात, फ्रेटबोर्ड आकसतो. डाव्या हाताचा अंगठा मानेच्या कडेने हळूच फिरवला तर फ्रेटची टोकं करवतीसारखी बोचतात. त्याकडे दुर्लक्ष केलं तर पुढची पायरी तक्त्याला चीर. कार्बन आणि इपॉक्सीच्या अंगावर हे काही होत नाही. ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटबोर्डपासूनची उंची, एकदा जिथे बसवली, तिथे ती आषाढातही असते आणि वैशाखातही.

याचा खरा लाभ टिकाऊपणाहून मोठा आहे. लाकडी गिटार जपायची म्हणून आपण ती केसमध्ये, केस कपाटात, आणि केसमध्ये सिलिका जेल असं ठेवतो. ती काढायला मन करावं लागतं. कार्बनची गिटार खुर्चीवर, खिडकीजवळ, गॅलरीत उघडी पडलेली चालते. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंतची पाच मिनिटं तिच्यावर जातात, आणि अशी पाच मिनिटं दिवसातून चार वेळा मिळाली की हात कधी तयार झाला ते कळतही नाही.

आता कार्बन जे करू शकत नाही, ते. तारा पोलादाच्याच असतात. किनाऱ्यावर त्या गंजतात, खुंट्यांचे स्क्रूही गंजतात. उन्हात तार तापून सैल होते. पोलादाच्या प्रसरणावरून ढोबळ हिशेब केला, तर तारेचं तापमान १० अंशांनी वाढल्यावर पहिली तार अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाएवढी उतरते. कार्बनची मान स्वतः जवळजवळ वाढत नसल्याने ती तारेबरोबर वाढून या घसरणीची भरपाईही करत नाही. म्हणून ‘ही गिटार कधी उतरत नाही’ हा दावा अर्धाच खरा आहे. आर्द्रतेने उतरत नाही, उष्णतेने उतरते. काळ्या रंगाचं अंग उन्हात चांगलंच तापतं, आणि चिकटवलेले सांधे शेवटी गोंदाचेच असतात. मे महिन्यात बंद गाडीत ती सोडू नये. दुरुस्तीचाही विचार हवा. लाकडी गिटारची मान सोडवून पुन्हा बसवणारे कारागीर मोठ्या शहरांत सापडतात. कार्बनची मान बहुतेक वेळा अंगाशी एकजीव असते. ती सोडवता येत नाही, काही मॉडेल्समध्ये मानेचा बाक बदलणारा ट्रस रॉडही नसतो. म्हणजे मान पहिल्या दिवशी जशी आहे तशीच राहणार. चांगली असेल तर जन्मभर चांगली, वाकडी असेल तर जन्मभर वाकडी.

आवाजाबद्दल वाद संपत नाहीत, आणि त्याला कारण आहे. स्प्रूसचं लाकूड अतिशय हलकं आणि रेषांच्या दिशेने ताठ असतं. गिटारच्या तक्त्यासाठी निसर्गाने दिलेली ती जवळजवळ आदर्श वस्तू. कार्बन-इपॉक्सीची घनता स्प्रूसच्या जवळपास चौपट, पण तंतूंच्या दिशेने ताठपणा दहापटीच्या आसपास. त्यामुळे तक्ता अगदी पातळ करावा लागतो. तंतूंचे थर कोणत्या दिशेने रचायचे हे कारागिराच्या हातात असल्याने आतल्या पट्ट्या कमी करता येतात. रेनसाँगच्या तक्त्याखाली त्या पट्ट्या जवळजवळ नसतातच. परिणाम कानाला असा येतो: स्वर स्वच्छ, एकसारखा, लांबत जाणारा, तार कुठेही छेडली तरी त्याच ताकदीने बोलणारा. लाकडाच्या स्वरात जी किंचित धूसर ऊब असते, ती इथे कमी. वर्षानुवर्षं वाजून आवाज ‘उघडणं’ही इथे नाही, पहिल्या दिवशीचा आवाज हाच तिचा आवाज. मला बोटांनी वाजवलेल्या संथ चालींसाठी कार्बन फार आवडतं, कारण त्यात प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो. जोरकस ताल धरून गाण्याला साथ करायची असेल, तर चांगली लाकडी गिटार अजूनही वरचढ आहे.

बाजारात ‘कार्बन’ हे लेबल दोन अगदी वेगळ्या गोष्टींवर चिकटलेलं असतं, आणि सगळ्यात जास्त फसगत इथे होते. एक प्रकार म्हणजे अखंड तंतूंचं कापड साच्यात थरांनी बसवून रेझिनने बांधलेलं अंग. रेनसाँग, एमरल्ड आणि मॅकफर्सनच्या कार्बन गिटारी या घरातल्या. हे हातकाम आहे, आणि आयात शुल्क धरून भारतात पोचेपर्यंत किंमत लाखांत जाते. दुसरा प्रकार म्हणजे कार्बनचे बारीक तुकडे मिसळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून एकदम ओतलेलं अंग. चीनमधल्या एन्याची नोव्हा मालिका आणि लावाच्या लोकप्रिय गिटारी या वळणाच्या. त्या स्वस्त आहेत, ओल त्यांनाही लागत नाही, शाळेच्या सहलीला किंवा हॉस्टेलच्या खोलीला त्या उत्तम. पण पहिल्या प्रकारची खोली त्यांच्या आवाजात शोधू नये. लावाच्या काही मॉडेल्समध्ये स्क्रीन आणि इफेक्ट्स असतात. गिटार वीस वर्षं टिकेल, आतलं इलेक्ट्रॉनिक्स तेवढं टिकेल असं धरून चालू नये. अमेरिकेतल्या युटामधून, दोन भावांनी २०१५ मध्ये लोकवर्गणीतून सुरू केलेली क्लॉस मधल्या किमतीत बसते. सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्लॅकबर्डने कार्बनच्या जोडीला जवसाच्या तंतूंचं अंगही केलं, आणि त्याचा आवाज लाकडाच्या जास्त जवळ जातो.

या सगळ्यांत एकच गिटार आयुष्यभरासाठी घ्यायची असेल, तर मी २४ इंचांच्या बाजूने आहे. एमरल्डची एक्स७ त्याच मापाची. ताण २५.५ इंचांच्या मानाने साधारण ११ टक्क्यांनीच उतरतो, तार फार झुलत नाही, आणि हाताला मोकळेपणा तर मिळतो. २२.७५ हे दुसऱ्या गिटारचं, प्रवासाचं किंवा अगदी लहान हाताचं माप.

दुकानात गेल्यावर पाहायच्या गोष्टी थोड्याच, पण त्या सोडू नयेत. ट्यूनर लावून प्रत्येक तारेचा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि त्याच फ्रेटवर दाबून येणारा स्वर ताडून पाहा. दोन्ही एकाच ठिकाणी दिसायला हवेत. दाबलेला स्वर सातत्याने चढा असेल तर सॅडलची जागा चुकली आहे, आणि आखूड स्केलवर ही चूक जास्त बोचते. सॅडल सुटं निघतं का ते विचारा, कारण ॲक्शन पुढे तिथेच घासून कमी-जास्त करायची आहे. नटची रुंदी मोजा. आखूड स्केल म्हणजे अरुंद मान नव्हे. ४३ आणि ४४.५ मिलिमीटरमधला दीड मिलिमीटर जाड बोटांना फार मोठा असतो. आणि गिटार मांडीवर घेऊन हात सोडून बसून पाहा. कार्बनची पाठ गुळगुळीत असते, कोकणातल्या घामात ती घसरते. पट्टा लावण्याची सोय नसेल तर ती गिटार नको.

तारांचा विचार दुकानदारावर सोडू नये. आखूड स्केलच्या गिटारवर अनेकदा १२-५३ चढवलेल्या येतात. बोटं जरा तयार झाली की १३-५६ लावून पाहा: २२.७५ इंचीवर ताण सदुसष्ट किलोंच्या आसपास येतो, म्हणजे मोठ्या गिटारवरच्या लाइट तारांपेक्षा तरीही कमी, पण खर्ज भरतो आणि खडखड थांबते. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी कोटेड तारा घ्याव्यात. त्या महाग असल्या तरी गंजायला वेळ लावतात.

भावगीतं, भजनं यांच्या साथीला छोटी स्केल घेताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गायकाची पट्टी पांढरी चार, म्हणजे एफ, असेल आणि आपण डी च्या आकारात वाजवत असू, तर कॅपो तिसऱ्या फ्रेटवर जातो. २२.७५ इंची गिटारवर मग जेमतेम १९ इंच तार उरते; फ्रेट चिंचोळे होतात, आवाज पिचतो. तिथे ई चा आकार धरून कॅपो पहिल्या फ्रेटवर लावणं बरं. उलट, सहावी तार डी ला उतरवून किंवा सगळी गिटार डी-ए-डी-जी-ए-डी अशी लावून मोकळ्या तारा वाजू दिल्या, तर कार्बनचा लांबणारा स्वर तंबोऱ्यासारखा भरून राहतो. त्यासाठी जाड तारा हव्यातच, नाहीतर सहावी लोंबते.

प्रवासाबद्दल थोडंसं. आपल्या देशांतर्गत विमानांत हातातल्या सामानाची लांबी-रुंदी-उंची मिळून ११५ सेंटिमीटर आणि वजन ७ किलो हीच सर्वसाधारण मर्यादा. ९० सेंटिमीटरची छोटी गिटारही केससकट त्यात बसत नाही. सोबत नेऊ देणं कर्मचाऱ्यांच्या मर्जीवर असतं. अमेरिकेत मात्र २०१५ पासून, जागा शिल्लक असेल तर छोटं वाद्य वरच्या कप्प्यात ठेवू देणं विमान कंपन्यांवर बंधनकारक आहे. मान सुटी होणाऱ्या जर्नी कंपनीच्या गिटारी यासाठीच निघाल्या.

लाकडाच्या बाबतीत एक मुद्दा आपल्याला जवळचा आहे. जगभरच्या गिटारींच्या पाठी आणि कडा ज्या ‘इंडियन रोझवुड’च्या असतात, तो आपल्या सह्याद्रीतला शिसव. २०१७ च्या जानेवारीपासून या जातीच्या सगळ्या लाकडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे निर्बंध आले. तयार वाद्यांना २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये सूट मिळाली. कार्बनच्या गिटारला झाड लागत नाही हे खरं, पण कार्बन तंतू बनवायला प्रचंड ऊर्जा लागते आणि इपॉक्सीचं मोडलेलं अंग पुन्हा वितळवून वापरता येत नाही. पर्यावरणाच्या नावाने ती घेऊ नये. दीर्घकाळ टिकवायची असेल तर घ्यावी.

तेव्हा, पुण्या-नाशिकच्या घरात बसून वाजवणाऱ्याला चांगली लाकडी २३.५ इंची पुरेल; उरलेल्या पैशांत शिकवणी लावावी. मालवण, मडगाव, डोंबिवली इथे राहणारा, विदर्भातल्या उन्हाळ्यात गिटार फुटलेली पाहिलेला, किंवा सतत फिरणारा माणूस असेल, तर २४ इंची थरांच्या कार्बनची गिटार त्याने विचार करून, पैसे साठवून घ्यावी. आणि आपल्या शहरांतल्या वाद्यांच्या दुकानदारांना विनंती: आखूड स्केलची एक तरी गिटार, लाकडाची का होईना, काचेच्या कपाटाबाहेर ठेवा, शेजारी एक कॅपो ठेवा, आणि येणाऱ्याला, विशेषतः मुलींना, पंधरा मिनिटं वाजवू द्या.